'केबिन साइज' म्हणून विकलेली बॅग केबिनमध्ये जात नाही, पैसे परत हवेत

नमस्कार कस्टमर केअर,

तुमच्या वेबसाइटवरून घेतलेल्या ट्रॉलीबद्दल लिहितेय, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. तुमच्या चॅटवाल्यांशी बोलून झालंय, त्यांचं एकच टुमणं, "मॅडम साइज फक्त बॉडीचा असतो, चाकं धरत नाही." मग विमानात बसताना चाकं काढून पर्समध्ये ठेवायची का?

टॅगवर ठळक अक्षरात 'केबिन साइज ५५ सेमी' छापलंय. आपल्याकडे डोमेस्टिकला साधारण ५५ बाय ३५ बाय २५ आणि वजन ७ किलो अशी लिमिट असते, म्हणजे हा ५५ तुम्ही कुठून उचललात ते दिसतंच आहे, फक्त एअरलाइनवाले ५५ म्हणतात ते चाकं, हँडल, बाहेरचे कप्पे सगळं धरून. घरी शिवणाच्या टेपने मोजली तर उभी ५९ भरली. आणि ती जाहिरातीत मिरवलेली एक्स्पांडेबल झिप उघडली की जाडी २९! केबिन बॅगला ती झिप दिलीच कशाला हे मला अजून कळलेलं नाही.

पुण्याहून दिल्लीला निघाले होते. गेटवर त्या लोखंडी मापाच्या सांगाड्यात बॅग घालायला सांगितली, ती चाकांपाशी अडकली ती अडकलीच, आडवी केली, दाबली, मागे रांग खोळंबलेली आणि लोक बघतायत. शेवटी एक्स्ट्रा पैसे भरून बॅग खाली सामानात टाकावी लागली. त्यात पॉवर बँक आत होती, लिथियम बॅटरी असल्यामुळे ती चेक-इनमध्ये चालत नाही, ती जवळच ठेवावी लागते, म्हणून तिथेच जमिनीवर बॅग उघडून सासूबाईंच्या चकलीच्या डब्याखालून ती शोधायची वेळ आली. एअरलाइनवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांचा नियम लिहिलेला आहे आणि त्यांनी तोच लावला.

अजून एक, साइटवर रिकाम्या बॅगेचं वजन २.४ किलो दिलंय, माझ्या काट्यावर ३.३ आलं. ७ किलोतले जवळजवळ निम्मे तुमची बॅगच खाते, मग माणसाने कपडे न्यायचे की नुसती बॅग फिरवून आणायची?

मला कूपन नको, 'नेक्स्ट ऑर्डरवर डिस्काउंट' तर अजिबात नको. पूर्ण रिफंड द्या, गेटवर भरलेले पैसे द्या (पावती जोडलीय) आणि साइटवर चाकांसकट माप टाका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तरतूद आहे, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

पिकअपला माणूस शनिवारी दुपारनंतर पाठवा, सकाळी घरी कोणी नसतं. आणि येताना बॉक्स त्यालाच आणायला सांगा, तुमचा आम्ही रद्दीत दिला.