टँकरमालकांनो, पॉलिसीतला साडेसात लाखाचा आकडा आधी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मी मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल डिझेल भरून पंपांवर पोचवणाऱ्या टँकरचा मालक आहे, मोठा ट्रान्सपोर्टर वगैरे नाही, गाड्या कर्जावर घेतलेल्या आणि ड्रायव्हर घरच्यासारखे. टँकर पेटला की पेपरात दोन दिवस फोटो येतात, पण त्या आगीचं बिल कोण भरतं यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्यातल्या बहुतेकांचा समज असा की गाडीचा फुल इन्शुरन्स आहे म्हणजे आपण सुटलो. तसं नाहीये. थर्ड पार्टीत, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसरा माणूस गेला किंवा जखमी झाला तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी देते, तिथे वरची मर्यादा नाही, हे खरं. पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर मर्यादा आहे, कमर्शियल गाडीला साडेसात लाख रुपये, आणि ते एका गाडीमागे किंवा एका दुकानामागे नाहीत, एका अपघातात जे काही जळालं त्या सगळ्याचे मिळून. त्यातही प्रीमियम थोडा कमी करायला काही ठिकाणी ही मर्यादा 6 हजारावर आणून ठेवलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. वरची सगळी रक्कम मालकाच्या अंगावर, म्हणजे माझं घर, शेती, दुसरी गाडी, सगळं त्यात.

20 डिसेंबर 2024 ला जयपूरजवळ भांकरोट्याला एलपीजी टँकरच्या धडकेनंतर काय झालं ते सगळ्यांनी व्हिडिओत बघितलं, तीसहून जास्त गाड्या जळाल्या, आता सांगा साडेसात लाखात त्यातली एक नवी बस तरी येते का. आपल्याकडे 13 जून 2023 ला एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटला, जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि चार जीव गेले, त्यात खालून चाललेले लोकही होते ज्यांचा एक्सप्रेसवेशी काही संबंधच नव्हता. त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेट्रोलचा टँकर पुलाखाली पेटला आणि आय-95 हायवेचा अख्खा भाग खाली आला, ड्रायव्हर गेला. एका टँकरच्या मालकाने एवढ्या मोठ्या हायवेचा पूल कुठून भरून द्यायचा?

तिकडे म्हणूनच इंधन पोचवणारे धंदेवाले मूळ पॉलिसीच्या वर एक्सेस लायबिलिटीची पॉलिसी घेतात. पद्धत सोपी आहे, खालच्या पॉलिसीची मर्यादा संपली की तिथून पुढचे पैसे वरची पॉलिसी देते, तिच्या मर्यादेपर्यंत. वरच्या थराला क्लेम क्वचितच पोचतो म्हणून तेवढ्याच रकमेसाठी तिथला प्रीमियम खालच्या मानाने कमी पडतो. पण साहेब यात एक गोष्ट आहे जी एजंट सांगत नाही, वरची पॉलिसी बहुतेक वेळा खालच्याच अटींवर चालते, खाली जे वगळलं ते वरही वगळलेलं. आणि खालची पॉलिसी लॅप्स झाली असेल तर तो खालचा भाग तुम्ही खिशातून भरायचा, मगच वरची सुरू होणार.

आता आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त काय होतं? आग नाही, गळती. पंपावर गाडी खाली करताना पाइप निसटतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, गाडी शेतात कलंडते आणि डिझेल मातीत जातं, तिथून विहिरीत. साध्या लायबिलिटी पॉलिसीत प्रदूषण वगळलेलं असतं, अचानक झालेल्या गळतीचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं आणि माती काढणं, पाणी साफ करणं हा खर्च त्यात आहे की नाही तेही विचारावं लागतं. वर परत हा वाद, की गाडी उभी होती, पाइपमधून माल उतरत होता, मग हा मोटर अपघात की पब्लिक लायबिलिटी, म्हणजे धंद्यामुळे लोकांचं नुकसान झालं तर त्याचा वेगळा विमा? मोटरवाला म्हणतो आमच्यात येत नाही, दुसरा म्हणतो गाडीमुळे झालं म्हणून आमच्यातही नाही. ज्याची विहीर गेली तो शेतकरी मात्र दोघांच्या मधे उभा. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण त्याने काहीच केलेलं नसतं.

भोपाळनंतर 1991 साली पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सचा कायदा आला, चूक कुणाची हे न बघता लगेच मदत देणारा, चांगला कायदा. पण मूळ कायद्यात मृत्यूला 25 हजार आणि मालमत्तेला 6 हजार असे आकडे होते आणि तेच वर्षानुवर्षे चालले. अलीकडे ते वाढवले हे बरं झालं, तरी ती तातडीची मदत आहे, पूर्ण भरपाई नाही.

शिवाय 2018 मध्ये पुण्यात घरपोच डिझेल सुरू झालं, आता बाउझर म्हणजे डिझेल पोचवणारे छोटे टँकर कारखान्यात, हॉस्पिटलच्या आणि सोसायटीच्या जनरेटरपर्यंत जातात. मी त्याच्या विरोधात नाही, कॅनमधून डिझेल नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं, पण हायवेवरचा धोका आता बिल्डिंगच्या गेटच्या आत आलाय. नवीन पोरं कर्ज काढून या धंद्यात येतात, पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं, त्याच्या सगळ्या परवानग्या काढतात, आणि विमा मात्र साध्या ट्रकसारखा.

माझी मागणी ऑइल कंपन्यांकडे आहे. टेंडरमध्ये टँकरचं वय, कॅलिब्रेशन, लॉक सगळं विचारता, मग गळतीचं कव्हर आणि त्याच्या वर एक्सेस कव्हर हेही अटीत घाला. पण नुसती अट टाकून आमच्या गळ्यात मारू नका, डेपोवर लागलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून ग्रुप पॉलिसी करा आणि प्रीमियम वाहतुकीच्या दरात धरा. एकट्या दोन गाड्यांच्या मालकाला विमा कंपनी दारात उभी करत नाही, शेकडो गाड्या एकत्र गेल्या तर बोलेल. आमच्या असोसिएशननेही भाडेवाढीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा.

आणि जे मालक हे वाचतायत त्यांनी रिन्यूअलच्या वेळी एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा: थर्ड पार्टी मालमत्तेची मर्यादा किती, माल उतरवताना सांडलं तर कोण देणार, आणि ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद नसेल तर क्लेमचं काय होणार. तोंडी उत्तर घेऊ नका.

आपला,
एक टँकरमालक, मनमाड