मेणाची डबी आणि संक्रांतीचे वाण

कुडाळ,
२ डिसेंबर

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नव्या घरातले पहिलेच हळदीकुंकू, चाळीसेक जणी येणार, आणि वाण म्हणून दरवर्षीप्रमाणे प्लास्टिकच्या गाळण्या व चमचे लुटायचे नाहीत, हा तुझा निश्चय मला मनापासून आवडला. घरी करता येईल, हातची कला दिसेल आणि घेणारी ते खरोखर वापरेल असे काही सुचव, असे तू लिहिले आहेस. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर तू मेणाची डबी दे. आता तो सविस्तर सांगते, कारण या साध्या दिसणाऱ्या वस्तूत सांभाळण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत.

आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्या जोडीला मेणाची एक चिमुकली डबी असे, हे तुला आठवत असेल. आधी कपाळावर बोटाने मेण टेकवायचे, ते गोल पसरवायचे आणि मग त्यावर कोरडे कुंकू लावायचे, म्हणजे ते दिवसभर पडत नसे. पुढे टिकली आली आणि मेण गेले. टिकली सोयीची आहे, मीही लावते; परंतु काही टिकल्यांच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असते आणि त्यामुळे काही जणींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. म्हणून हळदीकुंकवाला मेणाची डबी देण्यात एक औचित्यही आहे. शिवाय हेच मेण जरा मऊ बेताचे केले, तर ते नागपूरच्या कोरड्या थंडीत ओठांना, कोपरांना आणि टाचांनाही चालते. तू बोलावणे सगळ्यांनाच धाडणार, कोणाच्या कपाळाकडे पाहून नव्हे, हे मी तुला ओळखत असल्यामुळे गृहीत धरते. आणि ज्या कुंकू लावत नाहीत त्यांच्याही हाती ही डबी संकोचाविना देता येते, हा तिचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

डबीसाठी तीनच वस्तू लागतात: मधमाश्यांचे मेण, मुठेल आणि तिळाचे तेल. मुठेल मी येथून पाठवते. तुझ्याकडे ते कदाचित कोकम बटर या नावाने आणि भलत्या किमतीला मिळत असेल, पण आमच्याकडे अजून काही घरांत ते दर वर्षी निघते. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडली की सालींची सोले होतात आणि बिया उन्हात खडखडीत वाळवून ठेवतात. पुढे सवडीने त्या फोडून, आतला गर कुटून, तो टोपात भरपूर पाण्याबरोबर रटरटू द्यायचा आणि टोप रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. सकाळी झाकण काढले की पाण्यावर फिकट पिवळसर थर घट्ट बसलेला असतो. तो अलगद काढून तळहातावर दाबून त्याचे अंड्याएवढे मुटके वळतात. लावणीच्या चिखलात दिवस काढलेल्या बायका टाचांच्या भेगांत पूर्वापार हेच भरत आल्या आहेत, आणि ते खाण्यातही चालत असल्यामुळे ओठांवर लावायला कचरण्याचे कारण नाही.

मात्र हे घरगुती मुटके थेट वापरू नकोस. त्यांत गराचा बारीक कोंडा असतो आणि पाण्याचा अंशही राहून गेलेला असतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलची वाटी धर, वाटीत मुठेल वितळव आणि ते मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळून घे. मग ती वाटी अगदी मंद आचेवर थेट ठेवून नीट पाहा: तळाशी पाण्याचे थेंब असतील तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि बुडबुडे वर येतात. चुरचुर पूर्ण थांबली की पाणी गेले असे समज. याबाबतीत मी हट्टी आहे, कारण घरगुती प्रसाधनांचे बहुतेक बिघाड पाण्यापासून सुरू होतात. पाणी असले की बुरशी आणि जंतू आलेच, आणि त्यांना रोखणारे संरक्षक द्रव्य प्रमाणात घालणे हे स्वयंपाकघरात बसून करण्याचे काम नव्हे. म्हणूनच गुलाबपाणी घातलेली क्रीम, ताज्या कोरफडीची जेल किंवा काकडीचा रस घातलेले लेप कितीही मोहक वाटले तरी वाण म्हणून देऊ नयेत. स्वतःसाठी करावेत आणि त्याच दिवशी संपवावेत.

मेण घेताना ते मधमाश्यांचेच आहे याची खात्री कर. मेणबत्तीचे पांढरे मेण म्हणजे पॅराफिन, ते वेगळे. अस्सल मेणाला मधाचा मंद वास येतो आणि रंग पिवळसर असतो. महाबळेश्वरच्या बाजूला मधाचा धंदा जुना आहे, तेथल्या मांघरला तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. तिकडे मधपाळांकडून मेणाच्या वड्या मिळतात. तुझ्याकडे खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानात चौकशी करून पाहा. तेल तिळाचे घे, तेही घाण्याचे. खोबरेल माझ्या सवयीचे, पण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठते आणि नागपूरच्या जानेवारीत डबी दगडासारखी होईल. संक्रांतीला तिळाचे तेल हा योगही चांगलाच.

चाळीस डब्यांत प्रत्येकी आठ ग्रॅम धरून आणि भांड्याला चिकटून वाया जाणारे मोजून, ७० ग्रॅम मेण, ९० ग्रॅम मुठेल आणि १९० ग्रॅम तेल पुरेल. हे सगळे वजनाने घे, वाटीच्या मापाने नको. मेणाचा कीस वाटीत किती दाबून भरला यावर सारे गणित बिघडते. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि मुठेल ४० अंशांच्या आसपास, म्हणून आधी एकटे मेण वितळव, त्यात मुठेल टाक आणि शेवटी तेल. थंड तेल पडताच मेणाच्या गाठी झालेल्या दिसतील, त्याने घाबरू नकोस, ढवळत राहिलीस की त्या विरघळतात. सगळे एकजीव झाले की एक थेंब थंडगार ताटलीवर पाड, पाच मिनिटांनी बोटाने दाब. बोट रुतले तर मेण चिमूटभर वाढव, नख लावूनही खरवडत नसेल तर तेल वाढव. हीच परीक्षा खरी. मी दिलेले आकडे कुडाळच्या हवेतले आहेत, आणि तुझ्या हवेत तू त्यांना मोडण्यास मोकळी आहेस. मे महिन्यात मात्र तुमच्या ४५ अंशांत ही डबी पातळ होणारच, तेव्हा ती फ्रिजमध्ये ठेवावी असे मैत्रिणींना सांगून ठेव.

तेल खवट होऊ नये म्हणून जीवनसत्त्व ई चे थेंब घालतात, ते घातलेस तरी चालेल. मात्र त्याने खवटपणा लांबतो, जंतू थांबत नाहीत, एवढे ध्यानात असू दे. रंगासाठी बीटाचा रस घालावा असे तुला दहा ठिकाणी वाचायला मिळेल. ते ऐकू नकोस. बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, तो तेलात मुळीच मिसळत नाही, लाल थेंब तळाशी बसतात आणि तेथूनच डबी नासते. रतनजोत ही रंगाची मुळी तेलात छान लाल उतरते, तरी चाळीस अनोळखी त्वचांसाठी मी तीही टाळते. सुगंधी तेलांचेही तेच. दालचिनी आणि पेपरमिंट ओठांना चुरचुरतात, आणि लिंबाचे तेल किंवा रस लावून उन्हात गेले तर काहींच्या त्वचेवर फोड व काळे डाग येतात. घरचे म्हणून निरुपद्रवी, हा समज मला फार धोक्याचा वाटतो. कातडी भाजणारा बिब्बाही झाडावरच येतो.

यासोबत कुंकूही घरी करावे का, असे तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते. हळदीला लिंबाचा रस, टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी यांची पुटे देऊन सावलीत वाळवले की ती लाल होते, आणि जुन्या पद्धतीचे कुंकू ते हेच. परंतु टाकणखाराचे प्रमाण आणि वाळवण्याचा अंदाज साधायला हात बसावा लागतो, त्यामुळे एवढ्या थोड्या दिवसांत त्याच्या फंदात पडू नकोस. करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीचेच कुंकू मागून घे, म्हणजे झाले.

डबीबरोबर दुसरी काही वस्तू द्यायची हौस असेल तर उटण्याची पुडी दे. दिवाळी होऊन गेली असली तरी उटण्याचा खरा उपयोग थंडीतच आहे. मसूरडाळीचे पीठ अर्ध्याहून अधिक धर आणि बाकीच्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, थोडे चंदन व गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या घाल. नागपूरच्या इतवारी बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळे सुटे मिळेल. तेथला तयार मसाला घेऊ नकोस, त्यात बावची असण्याचा संभव असतो आणि बावची लावून उन्हात गेले की त्वचा भाजल्यासारखी होते. संत्र्याची साल तर तुमच्या शहराची मिरासच! आतला पांढरा भाग खरवडून साली सावलीत वाळव, हातात घेतल्यावर कटकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून ओल आहे. सारे दळून वस्त्रगाळ कर. येथे आळस केलास तर चेहऱ्याला कण टोचतील.

पुडीसाठी कागद न वापरता खणाच्या कातरणांच्या पिशव्या शिव. तुझ्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे गाठोडेभर कातरण सहज मिळेल. वीतभर लांब आणि अर्धी वीत रुंद तुकडा दुमडून दोन्ही बाजूंना आतून उलटी टीप घाल, वरच्या काठाला बोटभर नेफा ठेव आणि त्यातून जाड सुताची नाडी ओव. काठ नेमका पिशवीच्या तोंडाशी येईल असा तुकडा कापलास तर वेगळी सजावट लागत नाही. उटणे कापडातून झिरपते, म्हणून ते आधी बटर पेपरच्या पुडीत बांध आणि मग पिशवीत घाल. उटण्याचा खटाटोप नको वाटला तर त्याच पिशवीत वाळ्याची बोटभर जुडी दोऱ्याने बांधून ठेव. कपाटात साड्यांमध्ये राहील आणि वास मंदावला की पाण्याचा हलका शिपका देऊन सुकवली की पुन्हा दरवळेल. दोन्हींतले मला स्वतःला वाळाच अधिक आवडतो, कारण तो अंगाला लावायचा नसल्यामुळे कोणाला काही होण्याची चिंताच नाही.

डब्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या घे; उकळत्या पाण्यातून काढून, पुसून न घेता उन्हात उपड्या वाळव, म्हणजे पाण्याचा थेंब राहणार नाही. प्रत्येक डबीवर चिठ्ठी लाव आणि तिच्यावर आत काय काय आहे व कोणत्या दिवशी केले ते सुवाच्य अक्षरात लिही. तिळाची ॲलर्जी असणारी माणसे असतात आणि विचारण्याचे धाडस प्रत्येकीला होत नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी आणि सहा महिन्यांत संपवावे, हेही लिही. तुझे अक्षर सुंदर आहे, छापील चिठ्ठी नकोच.

आणखी एक. वाण पाहून कोणी ना कोणी म्हणेल की हे विकायला काढ. मला तर दर वर्षी कोणी तरी म्हणतेच. भेट देणे वेगळे आणि विकणे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची तर २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि तो नियम मला रास्तच वाटतो. तू हसून विषय बदल.

मुठेलाचे गाळलेले १०० ग्रॅम आणि वाळ्याच्या मुळ्यांची एक जुडी येत्या सोमवारी पार्सलने टाकते. गाळलेले असले तरी चुरचुरीची परीक्षा एकदा तूही घे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुला हळदीकुंकवाला दिवस आहेत, तेव्हा डब्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच भरून ठेव. आधी चारच करून पाहा आणि एक तुझ्या सासूबाईंना दे. त्यांनी पूर्वी मेण लावलेले असणार, चिकटपणा बरोबर आहे की नाही हे त्या तुला माझ्यापेक्षा अचूक सांगतील. त्या काय म्हणाल्या ते मला लगेच कळव, म्हणजे मीही माझ्या डब्यांचे प्रमाण त्याप्रमाणे ठरवीन.

घरातील सर्वांना नमस्कार, आणि लहानग्यांना आशीर्वाद.

तुझी,
मंजिरी