प्रश्न जोडायचा कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला एआयवरचा लेख वाचला. सोपा प्रश्न छोट्या, स्वस्त मॉडेलकडे (म्हणजे भरपूर मजकुरावर शिकून उत्तरं लिहिणाऱ्या एआय यंत्रणेकडे) आणि अवघड प्रश्न मोठ्या, सावकाश विचार करणाऱ्या मॉडेलकडे आपोआप पाठवायची जी सोय आता आली आहे, तिचं त्यात भरभरून कौतुक आहे. ऑगस्ट २०२५मध्ये चॅटजीपीटीमागचं जीपीटी-५ हे मॉडेल आलं ते हीच सोय घेऊन. कौतुक करायला हरकत नाही, पण यात मुख्यतः वाचतो तो कंपनीचा खर्च. आपण मुंबईकरांनी विचारायला हवं ते निराळंच : हा प्रश्न मुळात मॉडेलने आठवणीतून सोडवण्याजोगा होता का?

बेस्टचं किमान भाडं घ्या. ते आठ रुपये होतं. जुलै २०१९मध्ये पाच झालं. ९ मे २०२५पासून साध्या बसला दहा आणि एसीला बारा. मॉडेल ज्या मजकुरावर शिकतं त्यात हे सगळे आकडे सांडलेले असणार, आणि पाच रुपयांचा जमाना तर जवळजवळ सहा वर्षं चालला. तेव्हा ‘पाच रुपये’ हे उत्तर अगदी छान मराठीत येऊ शकतं. तुम्ही कितीही मोठं मॉडेल बसवा, त्यातून आजचं भाडं निघणार नाही. ते निघेल बेस्टच्या चालू भाडेतक्त्यातून. मॉडेलने तो तक्ता बघावा आणि माणसाला कळेल असं सांगावं, एवढंच त्याचं काम. आधी संदर्भ शोधायचा आणि मग लिहायचं, ही रीत २०२०पासून ‘रॅग’ या नावाने चालत आली आहे. नवलाची राहिलेली नाही.

अवघड भाग त्याच्या आधीचा आहे. प्रश्न कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्याला राउटर म्हणतात (घरातलं वायफायचं खोकं नव्हे). कुठे तो ठरावीक शब्द शोधतो, कुठे प्रश्न आधीच्या कुठल्या प्रश्नांसारखा दिसतो हे पाहतो, कुठे मॉडेललाच विचारतो की बाबा, तुला कुठला तक्ता हवा. आता पावसाळ्यातले आपले प्रश्न बघा. ‘उद्या दादरला पाणी येईल का?’ ‘उद्या दादरला पाणी भरेल का?’ दिसायला सख्खी भावंडं. पहिल्याचं उत्तर पालिकेच्या जल खात्याकडे : पाणीकपात आहे का, जलवाहिनीचं काम निघालंय का. दुसऱ्यासाठी हवामान खात्याचा अंदाज लागतो आणि भरतीची वेळही, कारण समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही. त्यातही भरतीची वेळ वर्षभर आधी गणिताने काढता येते, पावसाचं तसं नाही. नुसत्या दिसण्यावर जाणारा राउटर दोघांनाही एकाच दारात उभं करील.

आणि मुंबई म्हणजे कुठली? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच दिवशी कुलाब्यात शंभरही नाही. हा इतिहास झाला, बदलायचा नाही. तो मॉडेलने आठवणीतून सांगितला तरी चालेल. आज सकाळपासून किती पडला हे मात्र वेधशाळेच्या नोंदीतूनच यायला हवं, आणि कुठल्या वेधशाळेच्या तेही सोबत सांगायला हवं.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, म्हणून एक गोष्ट मला फार खटकते. मागवलेली माहिती मिळाली नाही, संकेतस्थळ बंद पडलेलं निघालं, तर अनेक ठिकाणी प्रश्न गुपचूप मॉडेलकडे वळतो आणि उत्तर त्याच थाटात येतं. आमच्याकडे लाइन लागली नाही तर ‘लागत नाही’ म्हणून सांगायचो. डॉक्टरांचा नंबर एंगेज आहे म्हणून ऑपरेटरनेच आवाज बदलून औषध सांगितलं असतं तर? ‘आत्ता भरतीचं वेळापत्रक मिळत नाही, पालिकेच्या १९१६ या नंबरावर विचारा’ हे उत्तर कुणाला कमीपणाचं वाटत असेल, मला ते उत्तम वाटतं.

चुकीच्या उत्तराची जबाबदारी कुणाची, हा मुद्दा कॅनडात एका प्रकरणात निकाली निघाला आहे. आजी वारल्यावर विमानाने निघालेल्या प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने (संकेतस्थळावर आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राने) सांगितलं, घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या भाडेसवलतीचा अर्ज प्रवासानंतरही करता येईल. खरा नियम त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर होता, आणि तो नेमका उलटा. चॅटबॉटचं बोलणं आमच्या अंगावर कसं, असा कंपनीचा सूर होता. ब्रिटिश कोलंबियातल्या लवादाने फेब्रुवारी २०२४मध्ये तो झिडकारून भरपाई द्यायला लावली. नियम घरातच होता हो, बघायला कुणी गेलं नाही इतकंच.

आपल्याकडे मात्र बघायला जावं तर दार सापडेल का, हीच शंका. मेगाब्लॉकचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो, पाणीकपातीची सूचना म्हणजे स्कॅन केलेला कागद, तोही कधी तिरका. सात तलावांतला साठा पालिका रोज सकाळी जाहीर करते. तसेच भाडेतक्ते, ब्लॉक आणि पाणीकपातीचे वॉर्ड तारखेसह, यंत्राला वाचता येतील अशा साध्या तक्त्यांत एका ठिकाणी मांडायला रेल्वे, बेस्ट आणि पालिकेला फार खर्च येऊ नये. आणि जे खातं चॅटबॉट बसवील त्याने प्रत्येक उत्तराखाली दोन गोष्टी छापाव्यात : माहिती कुठून घेतली आणि किती वाजताची आहे. पुढच्या पावसाळ्याआधी हे झालं तर बरं. आपल्या वार्ताहरांनी तिन्ही ठिकाणी याची विचारणा करून उत्तरं छापावीत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई