नवजात शिशु विभागातील डॉक्टर आणि परिचारिकेचे आभार

गर्भारपणाच्या 23व्या आठवड्यात पत्नीला अचानक कळा सुरू झाल्या आणि बाळावर सर्व उपचार करायचे की त्याला वेदना होऊ न देता केवळ जवळ घ्यायचे, हे काही तासांत ठरवण्याची वेळ आमच्यावर आली. त्या रात्री नवजात शिशु अतिदक्षता विभागातील डॉक्टर खुर्ची ओढून आमच्याजवळ बसल्या. अशा वेळी केवळ आठवडे मोजून भागत नाही, बाळाचे वजन किती, ते एकटे की जुळे, त्याच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन वेळेत मिळाले का, यावरही बरेच अवलंबून असते, हे त्यांनी कागदावर लिहून समजावले. मेंदूतील रक्तस्रावाचा आणि अपंगत्वाचा धोका त्यांनी लपवला नाही. मात्र अपंग आयुष्य म्हणजे वाया गेलेले आयुष्य, असा सूरही लावला नाही. (तो नातेवाइकांनी पुरेसा लावला होता.) उपचार सुरू केले तरी बाळ कसा प्रतिसाद देते ते पाहून पुन्हा एकत्र विचार करता येईल, या त्यांच्या शब्दांमुळेच आम्ही होकार देऊ शकलो.

पुढे बाळाच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि व्हेंटिलेटर काढण्याचे सर्वांनी मिळून ठरवले. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा चिकटपट्टीबरोबर सोलून निघते, म्हणून परिचारिकेने ओल्या कापसाने एकेक कड भिजवत, घाई न करता नळीची ती पट्टी सोडवली, आणि मगच मुलीला तिच्या आईच्या छातीवर ठेवले. आम्हाला तुमची नावे विचारायची राहिली. तुम्हा दोघींचे मनापासून आभार.