३५ लाखांत घर कुठं मिळतं

ऐरोली

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, घरकर्जावर सरकार १.८० लाख देतं असा तुम्ही फॉरवर्ड केलेला मेसेज वाचला. स्कीम खरी आहे, पंतप्रधान आवास योजना शहरी २.०, २०२४ ला आली. पण अटी बघितल्या का? घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवरच ४ टक्के व्याजाची सूट आणि ते १.८० लाख पण एकदम नाही, पाच वर्षांत मिळणार. वर्षाच्या उत्पन्नाची ९ लाखांची मर्यादा आहे त्यात आम्ही कसेबसे बसतो हो, पण ऐरोलीत नाहीतर ठाण्याच्या नौपाड्यात ३५ लाखांत काय येतं?

मग एजंट थेट बदलापूरच्या पुढं वांगणीला घेऊन गेला. सॅम्पल फ्लॅट झकास, फॉल्स सिलिंग वगैरे, आणि बाल्कनीतून खाली बघितलं तर भातखाचरं. जमीन तिथंच स्वस्त म्हणून बिल्डर तिथंच बांधणार, आणि सरकारची किमतीची अट पण तिकडंच ढकलते. जीएसटीचं तेच, ४५ लाख आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर १ टक्का, वर गेलात की ५, त्यामुळं ब्रोशरमधल्या किमती बरोब्बर ४५ च्या अलीकडं येऊन थांबतात. अमेरिकेत पण असंच झालं, १९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी द्यायला लागलं आणि युद्धानंतर शहराबाहेर नुसत्या बंगल्यांच्या वसाहती झाल्या, पण ते लोक स्वतःच्या गाडीतून फिरले, आपण लोकलला लटकणार.

आई, तुला वाटतं भाडं म्हणजे पाण्यात पैसे. अगं तिकडचे लोक सीट मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेनं जाऊन रिटर्न मारतात. मी वांगणीहून ठाण्याला येणार, गर्दीतून पूल चढून ऐरोलीची गाडी पकडणार, आणि संध्याकाळी परत तेच, चिऊला पाळणाघरातून कोण आणणार? हेच पैसे सरकारनं स्टेशनजवळ भाड्याची साधी घरं बांधण्यात जास्त घातले असते तर मी पहिली लाईनीत उभी राहिले असते.

म्हणून समीर आणि मी इथलंच ॲग्रीमेंट रिन्यू करतोय. आणि बाबा, डाऊन पेमेंटसाठी ओढ्याकडचा तुकडा विकायचं डोक्यातून काढा, काकांना पण आजच फोन करून नाही म्हणून सांगा.

तुमची,
मनू