फेरखटल्याचा अधिकार हवाच, पण मुदतीसकट

महोदय,

अपील न्यायालयांना फेरखटल्याचा आदेश देण्याचा अधिकारच नसावा, एकदा खटला सोसलेल्या माणसाला पुन्हा कशाला पिळायचे, असा सूर वकीलमंडळींत अधूनमधून लागतो. जिल्हा न्यायालयात नोकरी झाली असल्याने फेरखटल्याचे हाल मी जवळून पाहिले आहेत. तरीही हे म्हणणे मला पटत नाही.

बेस्ट बेकरी प्रकरण आठवा. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यात १४ माणसे मारली गेली. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, २१ आरोपी निर्दोष सुटले आणि गुजरात उच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये तो खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. मुंबईत २००६ साली नऊ जणांना जन्मठेप झाली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडले. म्हणजे फेरखटला झाला की शिक्षा ठरलेलीच, असेही नाही.

आरोपीलाही हा अधिकार तारतो. १९९७ च्या दिल्लीतील बसस्फोटात एकाला फाशी सुनावली गेली, ती उच्च न्यायालयात कायमही झाली. बहुतेक साक्षी झाल्या तेव्हा त्याच्या बाजूने वकीलच नव्हता! २०१२ साली फेरखटल्याचा आदेश झाला आणि काही महिन्यांतच तो निर्दोष ठरला.

मात्र पुराव्यातली भोके बुजवायला सरकारी पक्षाला दुसरी संधी म्हणून हा अधिकार वापरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६३ मध्येच, महाराष्ट्रातल्या एका दारूबंदीच्या खटल्यात बजावले आहे. एखाददुसरा पुरावा राहिला असेल तर अपिलातच जादा पुरावा घेण्याची सोय कायद्यात आहे. ती सोडून अख्खे प्रकरण खालच्या न्यायालयात का धाडायचे?

धाडले तर खाली काय होते ते ऐका. मुद्देमालाच्या पाकिटांवरची लेबले वाळवीने खाल्लेली असतात. पंच पिंजऱ्यात उभा राहतो, पंचनामा न्याहाळतो आणि म्हणतो, ‘सही माझीच आहे साहेब, बाकी काही आठवत नाही.’ तपास अधिकारी निवृत्त होऊन गावी गेलेला, डॉक्टरची बदली झालेली. तारखेवर तारीख पडत राहते आणि आरोपी कच्चा कैदी म्हणून आत असतो तो असतोच.

फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्ये फेरखटल्याचा अधिकार आहे, मुदत नाही. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली होती, म्हणून ते हलले. तशी मुदत प्रत्येक आदेशात सक्तीची करावी, आरोपीच्या जामिनाचा निर्णय त्याच आदेशात व्हावा आणि मुदत टळली तर खालच्या न्यायालयाने उच्च न्यायालयाला लेखी कारण कळवावे. कलमात एवढी दुरुस्ती करायला काय हरकत आहे?

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, धुळे