आक्षी-रेवदंडा किनाऱ्यावर मोटारी नकोत

महोदय,

अलिबागजवळच्या आक्षीहून ओहोटी साधून निघाल्यास नागाव, चौल करत रेवदंड्याच्या कोटापर्यंत वाळूतून सावकाश चालत एका दिवसात पोहोचता येते. आक्षीचा शके ९३४चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी आहे. पंधराव्या शतकात चौल बंदरात आलेल्या अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. तेथील पोर्तुगीज तटाचे काळे चिरे थेट पुळणीत उतरले असून सांध्यांत झाडांची मुळे शिरली आहेत. अशा वाटेवर सुटीच्या दिवशी भरधाव मोटारी येतात आणि पायी चालणाऱ्यांनाच सुरूच्या बनाकडे पळावे लागते, हा उफराटा न्याय झाला. किनाऱ्यावर वाहनबंदी काटेकोरपणे अमलात आणावी व भरती-ओहोटीच्या वेळांचे फलक लावावेत.

– एक वाचक, अलिबाग